टिकलीचा गाडीतला पट्टा : नऊ महिने वापरल्यावर

टिकली आमची चार वर्षांची कुत्री, वजन १८ किलो. नऊ महिन्यांपूर्वी तिच्यासाठी गाडीत बांधायचा हार्नेस घेतला. छातीवरून आणि खांद्यांवरून जाणारा रुंद पट्टा, पाठीवर धातूची कडी आणि त्या कडीतून सीटबेल्टच्या बक्कलमध्ये अडकणारी एक आखूड पट्टी. तेव्हापासून जवळजवळ दर रविवारी कुठे ना कुठे जाणं झालं. कधी तळ्याकाठी, कधी टेकडीच्या पायथ्याशी. शिवाय पाच-सहा तासांचे दोन मोठे प्रवास. पहिल्याच महिन्यात अनुभव लिहायला बसले असते, तर घेऊ नका असंच लिहिलं असतं. आज तसं म्हणणार नाही.

आधी ती मागच्या सीटवर मोकळी बसायची. एकदा समोर अचानक दुचाकी आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि टिकली दोन सीटांच्या मधून थेट गिअरवर येऊन आदळली. ओठ फाटला, तेवढ्यावर निभावलं. त्या रात्री मी हिशोब मांडला. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झटक्यात थांबली, तर मोकळं जनावर त्याच वेगाने पुढे जातं. तो मार जवळजवळ दहा मीटरांवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा. आणि ते १८ किलो पुढे बसलेल्या माणसाच्या मानेवर आलं तर? दुसऱ्या दिवशी पट्टा मागवला.

पहिली चूक मापाची. वजन बघून मधलं माप घेतलं, ते सैल निघालं. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर मोजायचा आणि पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जातील इतकाच आवळायचा, हे नंतर कळलं. बदलून आणलेला नीट बसला, पण तिसऱ्या आठवड्यात तिच्या काखेतले केस झडून कातडी लाल झाली. तिथली शिवण उघडी होती. आता मऊ सुती कापडाचं अस्तर शिवलंय आणि थांबलो की पट्टा काढून काखा बघते. बनवणाऱ्यांनी हे आधीच करायला हवं होतं.

दुसरी चूक मायेपोटी झाली. तिला खिडकीतून बाहेर बघता यावं म्हणून मी सीटबेल्टकडची पट्टी लांब सोडली होती. एका वळणावर ती सीटवरून घसरली आणि पाय ठेवायच्या खळग्यात अर्धवट लोंबकळली. त्या केविलवाण्या आवाजाने माझे हातपाय गार पडले. तेव्हापासून पट्टी इतकी आखूड ठेवते की तिला बसता येतं, आडवं होता येतं, जागच्या जागी वळता येतं, पण सीटची कड गाठता येत नाही. गळ्यातल्या पट्ट्याला तर गाडीत काहीच अडकवू नका. सगळा झटका मानेवर येतो.

बक्कलचा त्रास वेगळाच. लाल बटणावर पंजा पडून ते दोनदा सुटलं. मागच्या सीटच्या फटीत लहान मुलांची सीट अडकवायच्या लोखंडी कड्या असतात, त्यांत अडकणारी हूकवाली पट्टी मी नंतर घेतली. त्यानंतर एकदाही सुटलं नाही. तुमच्या गाडीत त्या कड्या असतील तर सुरुवातच तिथून करा.

वेष्टनावर ‘धडक-चाचणी झालेला’ असं छापलेलं होतं. त्यावर फार विसंबू नये असं मला वाटतं. अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ या संस्थेने २०१३ मध्ये कुत्र्याच्या वजनाचे पुतळे बांधून असे पट्टे तपासले होते, आणि त्यांतले बरेचसे निकामी ठरले होते. म्हणून चाचणी कोणी घेतली, किती वजनाला घेतली हे विचारा. माझ्या पट्ट्याबद्दल विक्रेत्याला याचं उत्तर देता आलं नाही. मी तो वापरते, कारण कडी धातूची आहे, शिवण दुहेरी आहे आणि मोकळं बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण गाडी हळू चालवते.

आता सवयीबद्दल, कारण माझा खरा वेळ तिथे गेला. पहिल्या दिवशी पट्टा घालून थेट तळ्यावर नेलं, तर टिकली सगळा रस्ता थरथरत होती. लाळ, सारख्या जांभया, ओठ चाटणं आणि शेवटी उलटी. मग सगळं पहिल्यापासून सुरू केलं. आठवडाभर पट्टा नुसता घरात, जेवणाच्या वेळी घालायचा. मग बंद गाडीत पाच मिनिटं शेजारी बसायचं. मग इंजिन सुरू करून. मग कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. महिना लागला. आता पट्टा हातात घेतला की ती स्वतः येऊन मान आत घालते. निघण्याआधी तीन-चार तास खायला देत नाही, पाणी मात्र देते. लांबच्या प्रवासासाठी पशुवैद्यांनी तपासून मॅरोपिटंट या उलटी थांबवणाऱ्या औषधाची गोळी दिली, निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. उलटी थांबली. माणसांची गोळी मनाने कापून देऊ नका.

पट्टा काही गोष्टींपासून वाचवत नाही, आणि त्यातली पहिली म्हणजे उभी गाडी. बाहेर २१ अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत ३२ अंशांच्या आसपास जाते, अर्ध्या तासात ४०. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग गार करतं, आणि आतली हवाच तापली की त्या धापा वाया जातात. एकटी असेन तर मी वाटेत कुठेही उतरत नाही. सोबत कोणी असेल तर एकजण टिकलीपाशी थांबतो. नाकाने चपट्या जातींना तर हा धोका आणखी मोठा.

दुसरी म्हणजे दार उघडण्याचा क्षण. फिरायची जागा दिसली की ती उसळी मारते, आणि बाजूने गाड्या जात असतात. आमचा क्रम ठरलेला आहे: आधी हातातली दोरी अडकवायची, मग गाडीतला हूक सोडायचा, मग दार. गळ्यात माझा फोन नंबर कोरलेला बिल्ला असतो, कातडीखाली ओळखीची मायक्रोचिपही बसवली आहे. पण ती चिप जनावर कुठे आहे हे सांगत नाही. तिच्यात फक्त १५ आकडी क्रमांक असतो, तो यंत्राने वाचावा लागतो. त्या क्रमांकाच्या नोंदणीतला मालकाचा फोन नंबर जुना राहिला तर तिचा काही उपयोग नाही. माझा जुनाच होता, गेल्या महिन्यात बदलून घेतला.

हाच पट्टा फिरवायलाही चालतो असं पाकिटावर लिहिलंय. मी वापरत नाही. चिखल आणि पाणी लागून शिवण लवकर जाते, आणि पाठीवरच्या कडीमुळे टिकली जास्त ओढते. फिरायला वेगळा हलका पट्टा ठेवलाय.

घरात मांजर असेल तर हा प्रकार घेऊच नका. मांजर यातून निसटतं, घाबरलेलं तर नक्कीच. तिला कडक पेटीच हवी, वर चादर टाकून, सीटमागे खाली घट्ट बसवलेली.

नऊ महिन्यांनी पट्ट्याचा रंग उडालाय, पण शिवण शाबूत आहे. हूकची स्प्रिंग जराशी सैल वाटते, म्हणून या आठवड्यात फक्त ती पट्टी नवी घेतेय. नवी येईपर्यंत रविवारी चालत जाता येईल अशीच जागा बघू.