मोकाट घोडे: कोंडवाडा, पांजरपोळ की खच्चीकरण?

किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा घोडा पावसाळ्यात मोकाट सुटला, की लावणी झालेल्या शेतात शिरतो, नाहीतर रात्री वळणावर गाडीसमोर येतो. रायगड-रत्नागिरीतल्या ग्रामपंचायतीपुढे मग तीन वाटा असतात.

कोंडवाडा हाताशी असतो. 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्यात घोडाही येतो: सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचं, मग नोटीस, नोटिशीनंतर सात दिवसांनी लिलाव. पण तोवर त्याला घालणार काय? 250 किलोच्या घोड्याला रोज साधारण 5 किलो सुका चारा आणि 25-30 लिटर पाणी हवं. बुरशी धरलेला ओला पेंढा टाकलात तर पोटशूळ ओढवून घ्याल. चिखलात उभं राहून खूरही सडतात; तळव्याच्या खाचेत काळा, घाण वासाचा चिकटा दिसतो. मालक शोधण्यापुरताच कोंडवाडा वापरावा.

पांजरपोळ, म्हणजे निकामी जनावरं सांभाळणारी संस्था, म्हाताऱ्या, लंगड्या घोड्यांसाठी बरी. आधी ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्याच, हा रोग माणसालाही होतो. तिथे खूर कापणारा माणूस येतो का, नर-माद्या वेगळ्या ठेवतात का, हेही विचारा.

आमचा कौल खच्चीकरणाला, म्हणजे नराचे वृषण काढण्याला. अमेरिकेत 1971 च्या कायद्याने संरक्षण मिळालेल्या रानघोड्यांच्या माद्यांना पीझेडपी ही गर्भनिरोधक लस देतात, कारण माळावर एकच नर सुटला तरी माद्या गाभण राहतात. इथले घोडे मोजके, माणसाळलेले. प्रत्येक नर हाती लागतो. दोन्ही वृषण खाली उतरलेत का, ते डॉक्टरांकडून आधी पाहून घ्या. एक पोटातच असेल तर साधी शस्त्रक्रिया पुरत नाही. धनुर्वाताची लस चुकवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला; पावसात चिखल आणि माश्यांनी जखम चिघळते. पहिला दिवस विश्रांती, मग रोज थोडं चालवायचं, म्हणजे सूज साचत नाही. रक्ताची धार लागली किंवा जखमेतून आतडं डोकावलं तर तासभरही थांबू नका. नंतर सहा ते आठ आठवडे माद्यांपासून लांब ठेवा, तोवर तो मादीला गाभण करू शकतो.

घोडा वाऱ्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपयेच. त्यावर विसंबू नका. धंद्याची परवानगी देतानाच मानेतली मायक्रोचिप, खच्चीकरणाचा दाखला आणि पावसाळ्यासाठी कोरडा तबेला या तीन अटी घालायला लावा.