लातुरात समुद्राचा टँक, आणि हे बिननावाचं आरओ-डीआय युनिट

माझा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातलं मासे-प्रवाळांचं मत्स्यालय, तीन फुटी. दोन क्लाउनफिश, थोडे झोअँथस, थोडे मशरूम कोरल. गेल्या उन्हाळ्यात दगडांवर केसाळ हिरवं शेवाळ असं माजलं की लांबून शेपूचा वाफा वाटावा. टूथब्रशनं घासलं, हातानं उपटलं, लाइट सहा तासांवर आणली. आठ दिवसांत पुन्हा जैसे थे.

घोळ वरून घालायच्या पाण्यात होता. टँकमधून उडतं ते फक्त पाणी; नायट्रेट, फॉस्फेट सगळं मागंच राहतं. आमच्याकडं एप्रिलमध्ये रोज तीन लिटर उडतं, आणि मी भर घालत होतो स्वयंपाकघरातल्या आरओची. त्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो, हे मेकॅनिकनं कव्हर उघडलं तेव्हा कळलं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, निघाला 84. म्हणजे मी रोज इमानेइतबारे शेवाळाला खतपाणी घालत होतो.

म्हणून पाण्यातले क्षार जवळपास शून्यावर आणणारं हे चार टप्प्यांचं आरओ-डीआय युनिट ऑनलाइन मागवलं, 7,200 रुपयांना. पहिल्या दिवशी नळीतून नुसता थेंब थेंब. त्यातल्या मेम्ब्रेनला, म्हणजे पाणी गाळणाऱ्या बारीक पडद्याला, 50 पीएसआयच्या आसपास दाब लागतो. गच्चीवरची टाकी 15 फुटांवर, म्हणजे जेमतेम साडेसहा. बूस्टर पंप वेगळा घ्यावा लागतो हे जाहिरातीत कुठंच नव्हतं. आणखी 1,900 गेले.

दुसरी तक्रार डीआय रेझिनची, म्हणजे मेम्ब्रेननंतर उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या, संपत आले की रंग बदलणाऱ्या मण्यांची. विक्रेता म्हणाला सहा महिने चालेल. आमच्या बोअरचा टीडीएस 900, मेम्ब्रेननंतर 38. रेझिननं सातव्या आठवड्यात मान टाकली. त्यातही गंमत अशी की मीटर 1 दाखवत होता आणि काचेवर तपकिरी भुकटी, म्हणजे सिलिकेटवर वाढणारं शेवाळ, धरायला लागली होती. रेझिन संपत आलं की सिलिकेट आधी निसटतं, मीटरला त्याचा पत्ताच लागत नाही. तेव्हा आकड्यावर विसंबू नका, मण्यांचा रंग बघा.

आणि वाया जाणारं पाणी! एक बादली शुद्ध, साडेतीन बादल्या गटारात. आई म्हणाली, "2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं आपल्याला, आन् तू माशासाठी सोडून देतूस व्हय?" आता ती नळी ड्रममध्ये सोडलीय, फरशी, संडास, गाडी त्यावरच. कुंडीत मात्र घालू नका, आमच्या तुळशीची पानं कडेनं करपली.

पण काम चोख. दगडांत मुरलेलं फॉस्फेट सावकाश सुटत राहतं, त्यामुळं दहा आठवडे लागले. नायट्रेट 40 वरून 10 वर आलं. शेवाळ आखूड झाल्यावर मुंबईहून रात्रीच्या रेल्वेनं थर्माकोलच्या डब्यात पाच टर्बो गोगलगायी आणल्या. लांब केसांना त्या तोंड लावत नाहीत, आखूड मात्र चाटूनपुसून खातात.

युनिटला पाचपैकी साडेतीन गुण. टँकमधलं पाणी हलवणाऱ्या वेव्हमेकर पंपाच्या मानेवर शेवाळाचा बोटभर झुपका अजून आहे, तिथं गोगलगायी पोचत नाहीत.