स्टोकर बॉयलर : वापरानंतरचा अनुभव, आणि धुराड्याच्या ओढीविषयी थोडे अधिक

आमचा कोळशाचा स्टोकर बॉयलर, म्हणजे जाळीवर आपोआप कोळसा ढकलून घर उबवण्यासाठी पाणी तापवणारे यंत्र, जानेवारीच्या कडाक्यात एकदाही विझला नाही. तो विझला मार्चअखेरीस, बाहेर ऊन पडून बर्फ वितळू लागल्यावर, आणि मग पुन्हा पुन्हा विझत राहिला. अँथ्रासाइट, म्हणजे धूर न करणारा कठीण दगडी कोळसा, पेटवणे लाकूड पेटवण्याइतके सोपे नाही. आधी लोणारी कोळशाचा थर लाल करावा लागतो, त्यावर हळूहळू दाणे सरकवावे लागतात आणि आग जाळीभर धरेपर्यंत तळघरातून हलता येत नाही. त्यामुळे कारण शोधणे भागच होते, आणि ते शोधताना या यंत्राविषयीचे माझे मत बरेच बदलले.

आमचे घर पेनसिल्व्हेनियात, स्क्रँटनजवळ, म्हणजे अँथ्रासाइटच्याच पट्ट्यात आहे. तेलाचा जुना बॉयलर काढून सपाट जाळीचा स्टोकर बसवला तो खर्चाचा हिशेब करूनच. येथे टन २,००० पौंडांचा धरतात. चांगल्या कोळशाच्या एका टनातून सुमारे अडीच कोटी बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता मिळते आणि तेवढ्यासाठी साधारण १८० गॅलन तेल जाळावे लागते. पावती हातात घेऊन हा गुणाकार केला की राखेचे डबे उचलण्याचे कष्ट जड वाटत नाहीत.

यंत्र हाती आल्यावर पहिले लक्ष जाते ते कोळसा ढकलणाऱ्या ठोकळ्याच्या फेरीकडे, म्हणजे तो दर वेळी किती पुढे सरकतो त्याकडे. फेरी लांब ठेवली तर जिवंत निखारे जाळीच्या टोकावरून राखेच्या डब्यात पडतात, म्हणजे विकत घेतलेली उष्णता न वापरताच बाहेर जाते. आखूड ठेवली तर आग मागे सरकते आणि पाणी पुरेसे तापत नाही. बॉयलर बराच वेळ पूर्ण जोरात चालल्यानंतर टोकाशी इंच-दीड इंच राखेचा पट्टा राहिला पाहिजे. थंडावलेल्या आगीकडे पाहून ही जुळणी करू नये, आणि एकदा फेरीचा नट फिरवल्यावर परिणाम दिसायला तासभर तरी द्यावा. पहिल्या हिवाळ्यात हा पट्टा जमला आणि सगळे यंत्र जमले अशी माझी खात्री झाली होती.

मार्चमध्ये आग विझू लागल्यावर विक्रेत्याकडचा तंत्रज्ञ आला. त्याने आगीला हवा देणाऱ्या पंख्याची मोटर कमजोर झाल्याचे सांगून ती बदलली आणि भरभक्कम बिल दिले. त्याच आठवड्यात आग पुन्हा विझली. धुराड्याची ओढ, म्हणजे जळालेले वायू वर खेचणारा जोर, मोजली का, असे विचारल्यावर ‘तुमचे धुराडे उंच आहे, ओढ चांगलीच असणार’ एवढेच उत्तर मिळाले. ज्या यंत्राचा सारा कारभार हवेवर चालतो त्याची हवा न मोजता सुटा भाग बदलणे आणि त्याचे पैसे ग्राहकाकडून घेणे मला मान्य नाही. ते मी विक्रेत्याला लेखी कळवले, पण मोटरचे पैसे परत मिळाले नाहीत.

शेवटी हवेच्या दाबातला फरक मोजणारा साधा मॅनोमीटर आणून ओढ मीच मोजली. आगीच्या वर ती पाण्याच्या स्तंभाच्या ०.०२ ते ०.०४ इंच उंचीइतकी असावी लागते. आमच्याकडे काटा जेमतेम ०.०१ दाखवत होता. बॉयलरमधून निघून धुराड्याकडे जाणाऱ्या नळीतही तेवढीच ओढ होती. हे दुसरे मोजमाप फार उपयोगी ठरले. नळीत ओढ चांगली आणि आगीवर कमी असती, तर अडथळा बॉयलरच्या आतील मार्गांत असता. दोन्हीकडे कमी म्हणजे अडथळा पुढे. नळीचा आडवा भाग उतरवला तेव्हा तो करड्या, पिठासारख्या राखेने जवळजवळ निम्मा भरलेला निघाला.

जानेवारीत हे का जाणवले नाही, तेही यातून उलगडले. धुराड्यातील हवा आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितकी ओढ अधिक. कडाक्याच्या थंडीत ती इतकी असते की निम्मी बुजलेली नळीही चालून जाते, आणि जास्तीची ओढ बॅरोमेट्रिक झडप (ओढ वाढली की आपोआप उघडणारी झडप) तळघरातली हवा आत घेऊन कमी करते. मार्चच्या दुपारी ती मुळातच कमी, त्यात घराला उष्णता नको म्हणून पंखाही बंद. निखारा केवळ धुराड्याच्या ओढीवर जगायचा, आणि तीच अपुरी होती.

माझी मुख्य तक्रार येथेच आहे. या बॉयलरला ओढ मोजण्यासाठी उत्पादकाने एकही छिद्र दिलेले नाही. पाव इंचाचे छिद्र आणि त्याला एक बूच, एवढेच हवे होते; ते मला दारावर स्वतः पाडावे लागले. हजारो डॉलरच्या यंत्रात इतकी लहान गोष्ट नसावी याचा मला अजूनही राग आहे, कारण हा प्रश्न केवळ आग विझण्याचा नाही. ओढ कमी असताना पंखा जोरात चालला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि अँथ्रासाइटला धूर नसल्यामुळे ते डोळ्यांना कळत नाही. तळघरात आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर या वायूचे सूचक यंत्र नसेल तर स्टोकर पेटवूच नये.

टायमरविषयी मात्र मत सुधारले. मागणी नसताना आग जिवंत ठेवण्यासाठी तो अधूनमधून कोळसा ढकलतो. हा कोळसा वाया जातो असे समजून मी त्याला दर दहा मिनिटांनी एका मिनिटापुरतेच चालू देत होते. नळी साफ केल्यानंतरही उबदार दुपारी आग क्षीण व्हायची, म्हणून ती वेळ दीड मिनिटावर नेली. कोळसा किंचित जास्त लागतो, पण आग पुन्हा पेटवण्याच्या खटाटोपापुढे तो खर्च मला योग्य वाटतो. पाणी फार तापत असेल तर वेळ थोडी मागे घ्यावी लागते.

आता हिवाळ्याच्या मध्यावर एकदा नळी उतरवून साफ करते. मे महिन्यात बॉयलर बंद केल्यावर ते काम त्याच आठवड्यात करावे, कारण कोळशातील गंधकामुळे ही राख तळघरातल्या ओलाव्यात आम्लधर्मी होते आणि पत्रा खाते. आतील भाग खरवडून झाल्यावर नळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवते आणि मगच परत बसवते.