टेबलावरचा फ्रॉक की अंगावरचा?

अमेरिकेत फोर-एच नावाची, मुलांना प्रत्यक्ष कामातून शिकवणारी मंडळं आहेत. तिथल्या मुलांनी शिवलेले कपडे दोन प्रकारे तपासले जातात. टेबलावर परीक्षक कपडा उलटा करून बघतात: टीप सरळ आहे का, तुरपाई बाहेरून दिसते का, कडांचे दोरे सुटलेत का. फॅशन रेव्ह्यू नावाच्या कार्यक्रमात तोच कपडा शिवणारं मूल घालून परीक्षकांसमोर चालत येतं.

मला ही दुसरी परीक्षा जास्त खरी वाटते. हात वर केला की मुंढा कुठे ओढतोय ते लगेच कळतं. टेबलावर ते दिसतच नाही. फक्त बुजऱ्या मुलीचे गुण तिच्या चालण्यावरून कापू नयेत, तिनं आठवडेच्या आठवडे मशीनवर घालवलेले असतात. बऱ्याच ठिकाणी डॅनिश पद्धत असते: तुलना ठरलेल्या दर्जाशी, शेजारच्या मुलाशी नव्हे. त्यामुळे उत्तम कामाची निळी फीत अनेकांना मिळू शकते.