जुनं परदेशी नाणं घेण्याआधी: अस्सल, ओतीव नक्कल, ठशाची नक्कल

अस्सल नसलेलं नाणं बहुधा तीनपैकी एक असतं: साच्यात ओतलेली नक्कल, ठशाने पाडलेली नक्कल, किंवा टांकसाळीनेच जुनं साल घालून नंतर पुन्हा पाडलेलं नाणं. तिन्हींच्या खुणा वेगळ्या, म्हणून एकाच चाचणीवर निकाल देऊ नका.

ओतीव नक्कल सर्वांत लवकर पकडली जाते. दहापट भिंगातून अक्षरांआधी मोकळी जागा बघा. तिथे बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोलसर. अस्सल नाणं उंच भागांवर आधी झिजतं, खोलगट भागातले तपशील टिकतात. ओतीव नकलेत सगळंच सारखं बोथट. मग नाणं उभं धरून कड फिरवा. साच्याचे भाग जुळले तिथली रेघ, किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा दिसतात. विक्रेत्याने दोन बाजूंचेच फोटो पाठवले, तर कडेचा मागाच.

ठशाची नक्कल डोळ्यांना फसवते, तिच्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. उदाहरणार्थ, मॉर्गन डॉलर हे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं: २६.७३ ग्रॅम, ३८.१ मिमी, ९० टक्के चांदी. झिजून थोडा हलका झालेला चालेल, पण २६.८५ च्या वर गेला तर संशय घ्या. वजन जुळलं तरी घनता तपासा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. अस्सल मॉर्गनला काटा सुमारे २.६ ग्रॅम दाखवतो, तेवढ्याच वजनाच्या तांबे-निकेलच्या नकलेला ३.० च्या आसपास. नाण्याला बुडबुडा चिकटला की आकडा वाढतो आणि अस्सलही खोटं वाटतं. लोहचुंबक मात्र एकाच बाजूने उपयोगी: तो चिकटला तर चांदीचा दावा संपला, नाही चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळालाही तो चिकटत नाही.

सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याच्या बाबतीत काटाही पुरत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत बैरूतमध्ये खऱ्या सोन्याचे बनावट सॉव्हरिन पाडले गेले. ७.९८ ग्रॅम वजन आणि घनता दोन्ही जुळू शकतात. सोन्याच्या भावाने घेणार असाल तर तोटा कमी; दुर्मिळ सालासाठी वर पैसे मोजणार असाल तर ठशाचे बारकावे जुळवल्याशिवाय घेऊच नका. १८९३-एस मॉर्गन (एस ही सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण) हे त्याचं उत्तम उदाहरण. चलनासाठीची त्याची सगळी नाणी दर्शनी बाजूच्या एकाच ठशातून निघाली, म्हणून लिबर्टी शब्दातल्या टीच्या माथ्यावर उठावाची बारीक तिरकी रेघ असते. ती नसेल, तर साधारण मॉर्गनचं साल बदललेलं किंवा मागे एस चिकटवलेला असण्याची दाट शक्यता.

तिसरा प्रकार, पुन्हा पाडलेलं नाणं: ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या थेलर या चांदीच्या नाण्यावर तिच्या मृत्यूनंतरही १७८० हेच साल कायम राहिलं. तो विसाव्या शतकातही पाडला जात होता. २८.०७ ग्रॅमचा थेलर नक्कल नाही, पण अठराव्या शतकाची किंमत त्याला देऊ नका. त्याच्या कडेवर लॅटिन मजकूर हवा. साध्या खाचा असतील तर परत करा.

महाग नाणं ग्रेडिंग कंपनीच्या (नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या) बंद डबीत असेल, तरी डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथल्या फोटोशी ओरखडे जुळवा, कारण डब्याही बनावट मिळतात.