दोन लेन्स की एकच 18-135? विदर्भातल्या धुळीत फिरणाऱ्यांसाठी

क्रॉप सेन्सरची, म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर आकाराने लहान असलेली कॅनन बॉडी हाती आली की पुढचा प्रश्न ठरलेला. किटमधल्या 18-55 मिलिमीटरच्या लेन्सच्या जोडीला 55-250 घ्यायची, की एकच 18-135 लावून मोकळं व्हायचं? (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ.) मी चार वर्षं जोडी वापरली, आता तीन वर्षं एकच वापरतोय. दोन्हींनी मला चांगले फोटो दिले आहेत. पण तुमचं फिरणं आमच्यासारखं असेल, म्हणजे एसटी, दुचाकी, धुऱ्यावरची पायवाट आणि कधी कुणाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली, तर गोष्ट वेगळी होते.

वजनाचं मनावर घेऊ नका. एसटीएम मालिकेतल्या दोन लेन्स मिळून 580 ग्रॅम, 18-135 एकटी 480. दृश्याच्या रुंदीचाही वाद नाही. लोणारच्या काठावर उभं राहिलं की ते पावणेदोन किलोमीटरचं विवर 18 वर एका चौकटीत मावत नाही, लेन्स कोणतीही असो.

माझं मत फिरलं ते धुळीनं. आपली काळी माती वाळली की पिठासारखी उडते, आणि वेचणीच्या दिवसांत तिच्या जोडीला कापसाचे तंतू असतात. अशाच एका सकाळी यवतमाळकडच्या एका शेतात पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, उभं राहून मी लेन्स बदलली. बाया ओटीत कापूस भरत पुढे सरकत होत्या, त्यांचे हात जवळून हवे होते म्हणून 55-250 चढवली. कॅमेरा बंद केला, तोंड खाली धरलं, सगळं नियमानं केलं. दुसऱ्या दिवशी लोणार. आभाळ स्वच्छ निळं, मी एफ-11 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून, काठ, पाणी, दैत्यसूदनाचं मंदिर असं दिवसभर टिपत राहिलो. घरी संगणकावर पाहिलं तर प्रत्येक आभाळात त्याच जागी एक वाकडा केस आणि शेजारी तीन मळकट ठिपके. शेतातले फोटो एफ-5.6 चे, म्हणजे मोठ्या छिद्राचे, त्यात काहीच दिसत नव्हतं, म्हणून शंकाही आली नाही. छिद्र लहान केलं की सेन्सरवरचा कचरा उघडा पडतो, हे वाचून माहीत होतं. पण साठ-सत्तर फोटोंतून तोच केस पुसताना ते खरं समजलं. हवेच्या पिचकारीनं तो तंतू हलला नाही. शेवटी नागपूरला जाऊन सेन्सर साफ करून घ्यावा लागला, पूर्ण दिवस गेला.

तरीही मी दोन लेन्सची जोडी सोडली नव्हती. सोडली ती तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत. सर्वोच्च न्यायालयानं 2021 च्या डिसेंबरात परवानगी दिल्यावर पट पुन्हा भरू लागले होते, गर्दी तुफान होती. एका शेतकऱ्यानं आपली बैलजोडी दाखवून फोटो काढायला सांगितलं होतं. बैल शिंगं रंगवून उभे होते तेव्हा 18-55 वर छान चित्र मिळालं. आता धावतानाचं हवं म्हणून लेन्स काढली, आणि तेवढ्यात बैलजोडी सुटली. आधीच्या जोडीनं उडवलेली धूळ अजून खाली बसायची होती. उघडी बॉडी शर्टात धरून मी पाठ फिरवली. परत वळलो तेव्हा धुरकरी, म्हणजे बैल हाकणारा, पटाच्या त्या टोकाला पोचला होता. थोड्या वेळानं तो शेतकरी आला, "आला काय आमच्या जोडीचा फोटो, भाऊ?" मी उभ्या बैलांचा दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, बोलला काही नाही. तो चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. त्याच महिन्यात मी वापरलेली 18-135 घेतली.

आता दुसरी बाजू. नागझिरा, ताडोबा किंवा नवेगावबांधचे पक्षी हेच तुमचं मुख्य काम असेल तर 135 अपुरी पडते. तिथे 250 चं टोक लागतंच, आणि तेही कमीच वाटतं. अशांनी दोन लेन्सची जोडीच घ्यावी. फक्त गेटबाहेर 55-250 चढवावी आणि जिप्सीतून उतरेपर्यंत काढू नये. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यांच्या वाटेवर पुढच्या गाडीची धूळ सरळ अंगावर येते. 135 वर माझ्या डोळ्यांना किंचित मऊपणाही जाणवतो, पण 12 बाय 18 च्या प्रिंटमध्ये घरच्यांपैकी कुणालाच तो दिसला नाही. लांबणारी झूमसुद्धा थोडी हवा आत ओढते, हे मान्य. पण लेन्सच्या आत भिंगावर बसलेला कण फोटोत सहसा दिसत नाही, सेन्सरवरचा दिसतो. तीन वर्षांत मला सेन्सर साफ करावा लागलेला नाही.

अंधाऱ्या गाभाऱ्यात मात्र दोन्ही पर्याय सारखेच अडतात. मार्कंड्याच्या मंदिरासाठी मी 50 एफ-1.8, म्हणजे मोठ्या छिद्राची, जास्त प्रकाश घेणारी लेन्स सोबत नेली होती, ती मुक्कामाच्या खोलीत, पंखा बंद करून लावली.

18-135 जुनी घेणार असाल तर दुकानात बॉडीला लावून तोंड खाली करून धरा. नळी आपोआप खाली घसरत असेल तर भाव पाडून मागा, आणि झूम फिरवताना वाळू करकरल्यासारखा आवाज आला तर ती लेन्स तिथेच ठेवून या.