मदरबोर्डवरची ओळख: सिलिकॉनमध्ये कोरलेली की चिपमध्ये लिहिलेली?

पीसीआय म्हणजे मदरबोर्डवर नेटवर्क, ग्राफिक्स अशी उपकरणं जोडणारा मार्ग. अशा पीसीआय उपकरणाची ओळख म्हणजे १६ बिटांचे दोन आकडे: एक उत्पादकाचा, दुसरा मॉडेलचा. ते सहसा चिप बनतानाच तिच्यात पक्के होतात. इंटेलचा उत्पादक क्रमांक हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या अंकपद्धतीत) ८०८६ आहे. आपल्याच गाजलेल्या ८०८६ प्रोसेसरची आठवण जपण्याची ही गमतीदार पद्धत! विंडोज किंवा लिनक्स हेच आकडे वाचून ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, निवडतं. मात्र एकाच मॉडेलच्या हजार चिप्स इथे अगदी सारख्याच दिसतात.

नेमका हाच बोर्ड कोणता, हे कळायला दुसरी सोय लागते. ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा हार्डवेअर पत्ता), बोर्डाचा सीरियल नंबर, १२८ बिटांचा यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) हे सगळं बहुधा बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) फ्लॅश चिपमध्ये किंवा छोट्या ईईप्रॉममध्ये (पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी चिपमध्ये) लिहिलेलं असतं. लिहिलेलं म्हणजे पुसताही येतं. प्रोग्रामर (चिप वाचणारं-लिहिणारं यंत्र) लावून दुसऱ्या बोर्डाची बायोस फाइल जशीच्या तशी चढवली, की त्या बोर्डाचा यूयूआयडी आणि कधी कधी मॅकही सोबत येतो. मग एकाच नेटवर्कवर दोन जुळे भांडत बसतात. म्हणून आधी मूळ चिपची प्रत काढून ठेवावी, हे माझं ठाम मत.

सेटिंगमधून बदललेला मॅक ही वेगळी गोष्ट. तिथे फक्त ड्रायव्हर वेगळा पत्ता सांगतो, चिपमधला मूळ तसाच राहतो.

मॉडेल ओळखायचं तर पीसीआय क्रमांकावर बिनधास्त विसंबा. लायसन्स एका बोर्डाला बांधायचं असेल, तर दुसऱ्या प्रकाराशिवाय इलाज नाही, पण तो बदलता येतो हे धरूनच.